आमच्या गच्चीवरची वाऱ्याची वीज

...आणि वर मलाच म्हणतात, "वसू, घाई करू नकोस, वारा येईल." आता तुम्हाला सांगते, साड्या वाळत घालायची गच्ची ती, तिथं मधोमध बांबूची चौकट, चौकटीवर सायकलचं मागचं चाक, चाकाला लाकडाची पाती, आणि त्या पात्यांत अडकलेला माझा पदर. मी अशी तिरकी उभी, एका हातात पिळलेलं धोतर, आणि आमचे हे खाली वाकून कुणाकडे बघताहेत? चाकाकडे. "बघितलंस? फिरलं. एवढ्या झुळकीनंसुद्धा फिरलं." अहो पदर फिरला माझा, चाक कुठलं फिरतंय... पण नाही. "आज झुळूक आली, उद्या वारा येईल."

आमचे हे म्हणजे बाळकृष्णराव. हायस्कुलात सायन्स शिकवतात. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. राजे गेले, राजवाडा राहिला, राजवाड्यात पोथ्या राहिल्या, आणि पोथ्यांच्या मागच्या गल्लीत आम्ही राहिलो. आमच्या मराठीला हसू नका हं. शेजारणीशी तमिळ, देवाशी मराठी, आणि हे रागावले की इंग्रजी, अशी आमची वाटणी आहे. पण हे रागावतात कुठे? रागावले असते तर बरं होतं. हे स्वप्नं बघतात. रागावलेल्या माणसाला जेवायला वाढता येतं हो, स्वप्न बघणाऱ्याचं सांबार गार होतं.

हे सगळं सुरू झालं त्या वर्षी, धरणात पाणी कमी झालं तेव्हा. तुम्हाला वाटेल धरणाचा नि आमच्या गच्चीचा काय संबंध? मलाही वाटलं होतं. यांनी मला समजावलं, कधी? मी कढईत मोहरी टाकली होती तेव्हा. म्हणाले, "वसू, तिकडे वर मेट्टूरला कावेरीचं पाणी उंचावरून पडतं, पडता पडता चाक फिरवतं, आणि त्या फिरण्याचा उजेड होऊन आपल्या माजघरात येतो." मी वर बघितलं. बल्ब होता, त्याच्यावर कोळ्याचं जाळं होतं. तेव्हापासून मला बल्ब बघितला की नदी दिसते, काय करू? "धूर नाही," म्हणाले, "राख नाही, काही जळत नाही. पाणी उजेड देतं आणि पुढं जाऊन भातही पिकवतं." मग म्हटलं, गेला कशानं उजेड? तर त्या वर्षी वर पाऊस नाही, धरणात पाणी नाही, जे आहे ते शेताला द्यायचं की दिव्याला, हा प्रश्न. आणि तंजावुरात भाताच्या आधी दिव्याला पाणी देईल असा कोण आहे? म्हणून संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला बरोबर दिवे जायचे.

तर यांनी ठरवलं, आपली वीज आपण करायची.

आधी ऊन. लाकडाची पेटी, आतून काळी, वर काच, बाजूला माझ्या लग्नातला आरसा. त्यात भात ठेवला. भात झाला, नाही असं नाही, छान झाला, मऊ झाला. पण दुपारी दीड वाजता. शाळेत जाणाऱ्याला भात लागतो साडेनऊला, आणि सूर्य काही आमच्या शाळेच्या घंटेवर उगवत नाही. मी विचारलं, "बरं, भात राहू दे, या पेटीतून दिवा लागेल का?" म्हणाले, "पुढं कधीतरी लागेल. उन्हाची वीज होईल, परदेशात करून बघताहेत." मी म्हटलं, "आणि दिवा लागतो कधी?" म्हणाले, "रात्री." "आणि ऊन असतं कधी?" तर अशा डोळ्यांनी वर बघायला लागले की मलाच वाईट वाटलं. म्हणाले, "साठवता यायला हवं, वसू. दुपार साठवून ठेवता यायला हवी, लोणच्यासारखी."

मग पाणी. तिरुवैयारूला माझ्या भावाचं, सेतुरामचं, शेत आहे, शेताला कालवा आहे. सुट्टीत यांनी कालव्यात चाक सोडलं, आणि खरं सांगते, फार सुंदर फिरलं ते. केळीच्या सावलीत, पाण्यानं तोंड धुतल्यासारखं खुळुखुळु करत, आणि काठावर एक एवढासा बल्ब, भर दुपारी, काजव्यासारखा. हे बघत बसले, मी बघत बसले, सेतुरामची बायको जेवायला हाका मारून दमली. पण सेतुराम काय म्हणाला? डोकं खाजवत म्हणाला, "भावजी, दिवा छान आहे, पण पाणी इथं अडतंय, खालच्या शेतांतली माणसं काठ्या घेऊन येतील. आणि शिवाय वीज इथं, तुमचं घर तंजावुरात. नेणार कशी, घागरीतून?"

राहिला काय? वारा.

आडी महिना लागला. तुम्ही आषाढ म्हणता तो जवळपास. आमच्याकडे आडीत वारा असा सुटतो की उखळाजवळचा कोंडा शेजारच्या घरात जातो नि शेजारचं भांडण आमच्या घरात येतं. यांनी त्या सायकलच्या चाकाला पट्टा लावला, पट्ट्याला जुन्या बसचा डायनॅमो, डायनॅमोला बॅटरी, बॅटरीला एक बॅटरीवरचा रेडिओ, कॉफीच्या मळ्यावरून एका मित्रानं दिलेला. आणि चाललं हो. महिनाभर चाललं. आख्ख्या गल्लीत अंधार आणि आमच्या गच्चीत रेडिओ. माणसं यायची, चटई घेऊन यायची. मोठ्या देवळाचं शिखर समोर काळं होत जायचं, पोपटांचे थवे घरी निघालेले, वर चाक घुमतंय, आणि हे चटईवर उताणे पडून सांगताहेत, "कल्पना करा, प्रत्येक गच्चीवर एक चाक. राजवाड्यापासून रेल्वे स्टेशनपर्यंत. वारा आला की सगळं गाव एकदम फुलल्यासारखं फिरायला लागेल." आणि तुम्हाला सांगते, मला दिसायचं. मी शेंगा निवडत असायची आणि मला दिसायचं.

शेजारचे कृष्णस्वामी तेवढे हसायचे. रेल्वेत इंजीन चालवायचे, आता पेन्शनीत. त्यांचा जीव कोळशावर. यांना 'सर'ऐवजी 'सार' म्हणत तमिळमधून सांगायचे, "सार, कोळसा सांगितल्या वेळी जळतो. वाऱ्याला तुम्ही वेळ सांगा बघू." हे म्हणायचे, "कोळसा एकदा जळला की संपला. वारा कितीही वापरा, तेवढाच उरतो." कृष्णस्वामी म्हणायचे, "खरं आहे सार. नसला की तोही तेवढाच नसतो."

आणि झालं तसंच. आडी गेला, आवणी गेला, पुरट्टासी लागला आणि वारा जो गेला तो माहेरी गेल्यासारखा गेला. झाडाचं पान हलेना. आणि नेमकं तेव्हा आमच्या सरोजाला तिरुची रेडिओवरून बोलावणं आलं.

सरोजा आमची एकुलती. तिरुवैयारूला कल्याणराम मास्तरांकडे गाणं शिकते. नवरात्रात, संध्याकाळी सव्वासहाला, पंधरा मिनिटं. तिथं बसून गायचं नि इथं त्याच क्षणाला ऐकायचं. त्या वेळी ऐकलं तर ऐकलं, हवेत गेलं की गेलं. आणि सव्वासहा म्हणजे काय? करंट जायची वेळ.

आता आमच्या घरात शेषम्मा म्हणून एक आहेत. माझ्या सासूबाई, मी आत्याबाई म्हणते. त्यांनी ऐकलं मात्र, जपमाळ खाली ठेवली. "आमच्या घरची मुलगी पेटीतून ओरडणार? परक्या पुरुषांनी काप्पी पीत ऐकायचं? मी ऐकणार नाही." सरोजा म्हणाली, "अज्जी, शेवटी एक मराठी पद आहे. कावेरीचं." तर आत्याबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पोरगी रडली. अज्जीच्या मांडीवर वाढलेली ती, तिला रेडिओपेक्षा अज्जी हवी होती. जाताना नमस्कार केला तर डोक्यावर हात ठेवला, पण बोलल्या नाहीत. मास्तर आणि मास्तरांची बायको तिला घेऊन गेले, आणि मी दारात उभी, ती गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत.

पण त्याच्या आधीच्या दिवसांत काय चाललं होतं माहीत आहे? आत्याबाई स्वयंपाकघरात यायच्या. "किती वाजता म्हणाली ती?" मी म्हणायची, "तुम्हाला ऐकायचं नाही ना?" "ऐकायचं नाही म्हणूनच विचारते. तेवढा वेळ कुठं बसायचं ते ठरवायला नको?"

आणि इकडे बॅटरी रिकामी. मी यांना म्हटलं, "अहो, बसस्टँडजवळ दुकान आहे, तिथं नेऊन बॅटरी भरून आणा. पोरीचं गाणं आहे." यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवळात चपला घालून आले. "मग ती वाऱ्याची वीज कसली, वसू?" मी म्हटलं, "वारा कुठाय?" तर गच्चीवर गेले, बोट ओलं करून हवेत धरलं, बराच वेळ धरलं, खाली आले नि म्हणाले, "येईल. सरोजासाठी वारा येईल."

माणूस हट्टी असेल तर भांडता येतं. श्रद्धा ठेवून बसला असेल तर काय करणार?

तो दिवस आला. आमच्याकडे नवरात्रात बाहुल्यांची आरास मांडतात, पायऱ्यापायऱ्यांची, आणि संध्याकाळी बायका येतात हळदीकुंकवाला, त्यांना चण्याची उसळ द्यायची, सुंडल म्हणतो आम्ही. सगळ्या आल्या नि सगळ्या वर गच्चीवर गेल्या, हातात सुंडलचे द्रोण. कामाक्षी आली, कृष्णस्वामींची बायको, मागोमाग कृष्णस्वामी. आणि सगळ्यांच्या मागून, एक एक पायरी चढत, आत्याबाई. मी म्हटलं, "तुम्ही वर?" म्हणाल्या, "खाली उकडतंय. वारा खायला आले." वारा. तिथं वारा असता तर काय हवं होतं?

सहाला करंट गेला. आकाश केशरी, शिखर निळं, पोपट निघालेले, सगळं नेहमीसारखं... आणि चाक उभं. भिंतीवरच्या घड्याळासारखं, बंद पडलेल्या. हे चौकटीपाशी उभे. मी या माणसाला चिखलात बघितलंय, आजारात बघितलंय, पण असं बघितलं नव्हतं. ओलं बोटसुद्धा वर केलं नाही. हळूच म्हणाले, "माझं चुकलं, वसू. दुकानात न्यायला हवी होती."

मग मला काय झालं विचारू नका. रागानं झालं का मायेनं झालं, मला अजून कळलं नाही. मी पदर खोचला. त्या चाकाला सायकलची साखळी तशीच होती, पायडल तसंच होतं, काढायचं राहून गेलेलं. मी ते हातानं धरलं आणि फिरवलं. जड होतं हो, जात्यासारखं जड. पण फिरलं. पाती घुमायला लागली, कामाक्षीच्या द्रोणातले चणे उडाले, आणि रेडिओचा तो एवढासा दिवा हळूहळू लाल झाला, मग पिवळा झाला.

"...तंजावूर, बी. सरोजा," रेडिओ म्हणाला.

आणि पुढं? खरर्र खरर्र खरर्र. माझ्या फिरवण्याचाच आवाज येत होता त्यात. हे ओरडले, "थांब, थांब, डायनॅमोची ठिणगी ऐकू येते, फिरवू नकोस." मी थांबले. लगेच सरोजा आली, स्वच्छ, काठोकाठ, आमची सरोजा... आणि दोन ओळींत पाण्यात बुडाल्यासारखी खोल खोल गेली. "फिरव." फिरवलं. खरर्र. "थांब." सरोजा. बुडाली. "फिरव." आता ऐकायला चाक थांबवायचं नि चालवायला चाक फिरवायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? माझे दंड भरून आले तसे कृष्णस्वामी उठले. कोळशाचा माणूस तो. लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यावर बांधली नि म्हणाले, "सरका अम्मा, मी इंजिनं ओढलीत." पहिलं गाणं असं गेलं, दुसरं असं गेलं. तुकड्यातुकड्यांनी. अर्धी सरोजा, अर्धी खरखर.

मग मराठी पद आलं. "हळू वाहा गे कावेरी, निजला माझा रंगराजा." तिकडे श्रीरंगमला देव झोपलाय ना नदीच्या दोन हातांत, त्याची अंगाई ती. सरोजानं पहिली ओळ धरली, दुसरी धरली, आणि बॅटरी बसली. आवाज बारीक झाला, बारीक झाला, गेला. कृष्णस्वामींनी पायडलला हात घातला...

आणि ओळ पुढं चालू होती.

मला वाटलं रेडिओच. पण रेडिओचा दिवा विझलेला. मी मागं वळले. आत्याबाई. भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे मिटलेले, जपमाळ मांडीवर पडलेली, आणि गाताहेत. म्हातारा आवाज, थोडा चिरलेला, पण सुराला असा लागलेला की कामाक्षीनं हातातला चणा तोंडात घातलाच नाही. माझं लग्न होऊन मी त्या घरात आले, पोर झाली, पोर मोठी झाली, आणि एवढ्या वर्षांत मी त्या बाईचं नुसतं गुणगुणणंही ऐकलं नव्हतं. यांनीही नव्हतं ऐकलं, पोटच्या पोरानं. तोंड उघडं ठेवून उभे होते.

कृष्णस्वामी फिरवायचे थांबले नव्हते, चालवत होते बिचारे. मग त्यांनी थांबवलं, आणि रेडिओतून सरोजा परत आली. आणि कुठं आली? त्याच ओळीवर. त्याच अक्षरावर, तुम्हाला खोटं वाटेल. एक मैलोगणती लांब काचेच्या खोलीत, एक आमच्या गच्चीवर, आणि दोघी एकाच शब्दावर उभ्या. "निजला". आत्याबाई दचकल्या नाहीत. जरा हसल्या, नातीला ओळ दिली नि गप्प झाल्या. ती बुडाली की परत आत्याबाईंनी उचलावी. असं पद पुरं झालं. म्हणजे रेडिओवर पुरं झालं. आत्याबाई थांबल्या नाहीत, आणखी एक कडवं होतं, ते त्यांनी एकटीनं म्हटलं. खालून बाहुल्यांपुढच्या समयांचा उजेड जिन्यातून वर आला होता. कुणी उठलं नाही.

मग म्हणाल्या, "माझे वडील मठात कीर्तन करायचे. मी मागं उभी राहून म्हणायची. लग्न झालं तेव्हा या घरात सांगितलं, इथं बायका गात नाहीत. म्हणून नाही गायले." एवढंच. रडल्या नाहीत की काही नाही. "उसळीत मीठ कमी आहे," म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सरोजा आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "अज्जी, ऐकलंस?" आत्याबाई तोंड वळवून म्हणाल्या, "मी कशाला ऐकू? पण दुसऱ्या कडव्यात घाई केलीस. आणि तिसरं कडवं तुझ्या मास्तरांना येतच नाही वाटतं. बस इथं." पोरगी तशीच बसली, प्रवासाच्या धुळीसकट, अज्जीच्या मांडीशी. मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

आणि वारा? आला की. त्याच दुपारी आला, कुणी बोलावलेलं नसताना, आणि एक चादर कृष्णस्वामींच्या विहिरीत टाकून गेला.

इथं गोष्ट संपली असती तर मी कशाला तक्रार करत बसले असते? पुढं पाऊस झाला, धरण भरलं, संध्याकाळचा करंट जाईनासा झाला. आम्ही घरात विजेवरचा मोठा रेडिओ घेतला. शुक्रवारी रात्र पडायच्या आत तिरुचीवर गाणं असतं, मोठमोठ्या विद्वानांचं. आत्याबाईंना खुर्ची मांडली, बटण दाबलं. काय आवाज तो, घंटेसारखा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हं. पण मधे कुठं जागाच नाही."

झालं. तेव्हापासून दर शुक्रवारी घरातला करंट बंद. यांनी स्वतः बंद करायचा. सगळी गल्ली गच्चीवर, तो जुना रेडिओ वर, विद्वान बुडाले की आत्याबाई निघतात, त्यांचं झालं की विद्वान. आणि पायडलवर कोण? कृष्णस्वामींची कंबर धरली. हे फिरवायला लागले तर स्वप्नात हरवून थांबायचंच विसरतात, नुसती खरखर. राहिलं कोण?

परवा शाळेतून आले, मुलांना विजेचे प्रकार शिकवून, प्रत्येकाचे फायदे, प्रत्येकाचे तोटे. माझ्याशेजारी बसले, माझा दंड हळूच चेपत म्हणाले, "वसू, सगळ्यांत भरवशाची तूच. तुला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, वारा लागत नाही. सकाळची एक काप्पी मिळाली की झालं." मी म्हटलं, "मग ती तरी तुम्ही करून द्या."

केली हो. दूध उतू घालवलं, साखर विसरले. मी प्यायले. शुक्रवार होता ना.